आयोजकांची व्याख्या

आमच्या महाविद्यालयाची आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा आता बऱ्यापैकी रुळली आहे. संघ वेळेवर येतात, माइक चालतो, परीक्षक जेवणाच्या आधी तरी एकमेकांशी भांडत नाहीत. पण पहिली दोन वर्षं आठवली की माझ्या घशाला अजून कोरड पडते. नाशिकमध्ये स्पर्धांना तोटा नाही, त्यात आपलीही एक असावी असं प्राचार्यांच्या मनात आलं, आणि मराठी विभागात सगळ्यात मोठा आवाज माझा म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. मी तशी तापट आहे. सहकारी म्हणायचे, बाईंना वादविवाद काही नवा नाही, त्यांच्या घरी रोज अंतिम फेरी असते. हे माझ्या नवऱ्यानेच त्यांना सांगितलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

स्पर्धेची रीत आम्ही जुनीच ठेवली. एका महाविद्यालयाचे दोघं, एक विषयाच्या बाजूने बोलणार, दुसरा विरुद्ध, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून करंडक. म्हणजे बसमध्ये एकाच डब्यातला चिवडा खात यायचं आणि व्यासपीठावर एकमेकांना खोडून काढायचं. भाषण संपलं की विरुद्ध बाजूच्या कुठल्याही वक्त्याने उठून प्रश्न विचारायचे. या प्रश्नांनीच पहिल्या वर्षी आमचं वाटोळं केलं.

पहिल्या वर्षीचा विषय विकासाबद्दल होता. विषय मीच काढला होता आणि भारदस्त काढला म्हणून खूश होते. झालं असं की प्रत्येक जण विकासाची स्वतःची व्याख्या घेऊन आला. एकाच्या लेखी विकास म्हणजे रस्ते, दुसरीच्या लेखी साक्षरता, तिसऱ्याच्या लेखी मनःशांती. रस्तेवाल्याच्या मुद्द्याला मनःशांतीवाला उत्तर देत होता आणि दोघंही जिंकल्याच्या आनंदात खाली बसत होते. एका मुलाने तर शब्दाच्या मूळ धातूपासून जी सुरुवात केली, ती शेवटची घंटा झाली तरी व्याख्या काही पूर्ण झाली नाही. तो कुठल्या बाजूने बोलत होता, हे परीक्षकांना त्याच्या जोडीदाराला विचारावं लागलं. जोडीदारही नीट सांगू शकला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हसून सांगितलं असतं. पण त्याच दिवशी आमच्या संघातल्या मुलीचा आवाज गेला.

ती पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून आलेली. तिला मीच शोधून काढली होती. वर्गात लोकगीतांबद्दल मी काहीतरी ठाम विधान केलं, तेव्हा ही मधल्या बाकावरून उठली आणि आवाज न चढवता म्हणाली, की आमच्याकडं तसं नाय, मॅडम. मग कसं आहे ते तिने सांगितलं, आणि मला वाद घालायला जागाच राहिली नाही. मला वाद घालणारी मुलं फार आवडतात, कारण बहुतेक मुलं मान डोलावून मोकळी होतात. तिला मी स्पर्धेत घातलं. ती नको नको म्हणत होती, पण मी कोणाचं ऐकते अशी माझी ख्याती नाही.

भाषण तिने चांगलं केलं. थोडं पाठ केल्यासारखं झालं, पण चांगलं. मग प्रश्नांची वेळ आली आणि गंगापूर रोडकडच्या एका महाविद्यालयाचा मुलगा उठला. अतिशय सभ्य मुलगा, इस्त्रीचा सदरा, बोलणं तुपासारखं. त्याने विचारलं, "आपण विकास हा शब्द सारखा वापरलात. विकास म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगाल का?" प्रश्नात खोट नव्हती. असले प्रश्न त्याने सकाळपासून सगळ्यांनाच विचारले होते. पण हिने तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. ती माइककडे बघत राहिली. उत्तरासाठी ठेवलेला सगळा वेळ तशीच उभी राहिली, आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी संथ टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या टाळ्यांत ती व्यासपीठावरून उतरली.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. नुसती व्यासपीठावर नाही, सगळीकडेच. वर्गात मधला बाक सोडून शेवटच्या बाकावर गेली. हजेरी घेताना नुसता हात वर करायची. मी मुद्दाम लोकगीतांवर चुकीचंसुद्धा बोलून पाहिलं, पण ती वहीत मान घालून बसून राहिली. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, ती घरी जायचं म्हणते आहे, पुढचं शिक्षण बाहेरून करीन म्हणते. बाहेरून म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. पाड्यावर गेली की कामाला लागणार, आणि परीक्षेचा अर्ज भरायला कोणी आठवणही करणार नाही. माझा जीव टांगणीला लागला. तिला उभं मी केलं होतं, तेव्हा तिला परत बोलतं करणंही माझ्याकडेच होतं, आणि ते कसं करायचं हे मला अजिबात कळत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी स्पर्धेचे नियम ठरवायला बसलो तेव्हा मी तावातावाने एक नवा नियम मांडला. विषयातल्या शब्दांची व्याख्या आयोजक स्वतः करतील. ती छापून प्रत्येक वक्त्याला आधीच पाठवली जाईल, ती सर्वांवर बंधनकारक राहील आणि शब्दाचा अर्थ कोणी कोणाला विचारणार नाही. प्राचार्यांना नियम पसंत पडला, कारण त्यात गोंधळाला जागा नव्हती. सहकाऱ्यांना वाटलं, बाईंना शिस्तीचं वेड लागलंय. मी तो कोणासाठी केला होता, ते मी एकालाही सांगितलं नाही.

मग तिला बोलावून घेतलं. नियमाचा कागद तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "अर्थ नाय ना विचारणार कोणी?" मी म्हटलं, विचारला तर मी स्वतः त्याला खाली बसवीन. ती बराच वेळ कागदाच्या कडा दुमडत राहिली. मग म्हणाली, "बोलते. पण या वेळी नाय जमलं तर मी घरी जाते मॅडम. मग तुम्ही नाय अडवायचं."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

विषय ठरला: रोजगारासाठी गाव सोडणे ही प्रगतीची पहिली पायरी आहे. तिच्या वाट्याला विरुद्ध बाजू आली. व्याख्या लिहायला मी शब्दकोश घेऊन बसले. घरात सगळ्यांना गप्प केलं, नवऱ्याला टीव्हीचा आवाज बंद करायला लावला, आणि अशी व्याख्या केली की मुंगीलाही आत शिरता येणार नाही. गाव सोडणे म्हणजे अधिक चांगल्या उपजीविकेसाठी मूळ गावातील वास्तव्य संपवून अन्यत्र कायमचे स्थायिक होणे. प्रगती म्हणजे मूळ स्थितीहून अधिक चांगली स्थिती प्राप्त होणे. नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, छान आहे, आता टीव्ही लावू का?

स्पर्धा जानेवारीत होती आणि त्या वर्षी थंडी चांगलीच पडली होती. सभागृहात सगळे मफलर गुंडाळून बसलेले. पहिला वक्ता आला आणि म्हणाला, आयोजकांनी दिलेली व्याख्या मला मान्य आहे. मला बरं वाटलं. दुसरी आली, तीही म्हणाली, मान्य आहे. तिसऱ्या-चौथ्यापासून ते वाक्य सन्माननीय परीक्षक आणि माझ्या बंधुभगिनींनो याच्या जोडीला जाऊन बसलं. मान्य आहे, मान्य आहे. आणि मग काही केल्या भाषण पुढे सरकेना. विरुद्ध बाजूची मुलंसुद्धा थोडं गावच्या मातीबद्दल बोलायची, थोडं आजीच्या हातच्या भाकरीबद्दल, आणि शेवटी प्रगती होते हे खरं असलं तरी, असं म्हणून घंटेच्या आधीच खाली बसायची. प्रश्न कोणाला सुचेनात. एक परीक्षक मफलरमध्ये हनुवटी खुपसून डुलकी घेत होते.

जेवणाच्या वेळी दुसऱ्या परीक्षक बाई ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या जुन्या वक्त्या, मी कॉलेजात असताना त्यांची भाषणं ऐकलेली. त्या मठ्ठा पीत सहज म्हणाल्या, की अहो, गाव सोडण्यात अधिक चांगलं आणि प्रगतीतही अधिक चांगलं. निकाल तुम्ही व्याख्येतच लावून टाकलात, विरुद्ध बाजूने आता बोलायचं काय?

मला राग आला. आणि तो नेहमीसारखा दुसऱ्यावर काढायची सोय नव्हती. कारण आमची मुलगी विरुद्ध बाजूची होती आणि तिचं भाषण जेवणानंतर होतं. तिच्याभोवती कुंपण घालायला गेले आणि तिला आत उभं राहायलाही जागा ठेवली नाही. मी तिला शोधायला निघाले. ती सभागृहामागच्या पायऱ्यांवर उन्हात एकटी बसली होती, ताटाला हातही लावलेला नव्हता. मी म्हटलं, जमेल तेवढंच बोल, काळजी करू नकोस. तिने मान हलवली. 

तिचं नाव पुकारलं गेलं. ती माइकसमोर आली आणि तिने माइक खाली करून घेतला. मी डोळे मिटून ते नेहमीचं वाक्य ऐकायला बसले.

"आयोजकांनी दिलेली व्याख्या मला मान्य नाही," ती म्हणाली.

डुलकी घेणाऱ्या परीक्षकांची हनुवटी मफलरमधून वर आली.

ती हळू बोलत होती, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. तिने सांगितलं, की भात कापून झाला, दिवाळी झाली की त्यांच्या पाड्यावरची माणसं ट्रॅक्टरमध्ये बसून दिंडोरीकडे, निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात. होळीला परत येतात. पुन्हा जातात. पावसाला नागली लावायला पुन्हा येतात. कोणी कायमचं स्थायिक होत नाही. "या व्याख्येप्रमाणे आमच्या पाड्यावरून आजपर्यंत कोणीच गाव सोडलेलं नाही. मग दिवाळीनंतर आमच्या शाळेत गुरुजी एकटे का बसलेले असायचे? आणि मी कुठं होते?"

मागच्या रांगेतल्या पोरांची खुसपुस थांबली. बाकीचं भाषण तिने पाठ केलेलं नव्हतं. एकदोनदा अडखळली, एकदा नाही म्हणायच्या जागी नाय म्हणाली आणि तशीच पुढे गेली. मी खुर्चीची कड धरून बसले होते. भाषण संपलं तरी मला हायसं वाटेना, कारण खरी भीती पुढे होती. व्याख्या तिने स्वतःच मोडली होती. आता तिला अर्थ विचारायला सगळे मोकळे होते, आणि मी कोणत्या तोंडाने कोणाला खाली बसवणार होते?

तो इस्त्रीच्या सदऱ्याचा मुलगा उठलाच. या वर्षीही आला होता. त्याच गोड आवाजात त्याने विचारलं, "आयोजकांची व्याख्या आपल्याला मान्य नाही. मग गाव सोडणे म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगाल का?"

मी व्यासपीठाकडे बघूच शकले नाही, समोरच्या टेबलाकडे बघत बसले.  मग तिचा आवाज आला.

"आपल्या घरात आपली चूल जेवढे दिवस पेटत नाही, तेवढे दिवस आपलं गाव सुटलेलं असतं."

परीक्षक बाईंनी पेन उचललं. पण तो मुलगा कच्चा नव्हता. खाली बसायचं सोडून त्याने लगेच दुसरा प्रश्न टाकला. तुमच्या या व्याख्येप्रमाणे तुम्हीही गाव सोडलंय, वसतिगृहात राहता. आणि आज इथे उभं राहून बोलता आहात, ही प्रगतीच आहे. म्हणजे विषय तुम्ही स्वतःच सिद्ध केलात, हे मान्य आहे का?

प्रश्न फार चांगला होता. माझ्या विद्यार्थ्याने विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. त्या क्षणी मात्र त्याला बाहेर काढावंसं वाटलं. ती गप्प झाली. माइककडे बघत राहिली, अगदी मागच्या वर्षीसारखी. टेबलावर घड्याळ घेऊन बसलेल्या सहकाऱ्याने घंटेकडे हात नेला, तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हात मागे घेतला. नियमात ते बसत नव्हतं. बसो न बसो.

मग ती बोलली, त्या मुलाकडे बघून, सावकाश. "शिकायला मी एकदाच गाव सोडलं. माझे आईबाबा मला कळतं तेव्हापासून दर वर्षी सोडतात. तुम्ही म्हणता ती पहिली पायरी. ते दर वर्षी ती चढतात आणि दर वर्षी ती पहिलीच असते."

 मग टाळ्या सुरू झाल्या, आणि पहिली टाळी त्या मुलाची होती, हे मला कबूल करायला हवं. मी नाही वाजवली. मी नाकाला पदर लावून बसले होते. शेजारच्या सहकाऱ्याला वाटलं मला सर्दी झाली आहे, त्याने खिशातून विक्स काढून दिलं.

निकालाच्या वेळी पंचाईत झाली. बंधनकारक व्याख्या नाकारली म्हणून तिचे गुण कापायचे की नाही, यावर परीक्षकांचं एकमत होईना. शेवटी ते माझ्याकडे आले. नियम तुमचा, तुम्हीच सांगा, म्हणाले. मी म्हटलं, कापा. नियम छापलेला आहे आणि मुलगी आमची आहे, उद्या कोणी म्हणायला नको. गुण कापले गेले, करंडक त्या इस्त्रीवाल्याच्या महाविद्यालयाने नेला आणि आमच्या जोडीला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. तिचा जोडीदार माझ्यावर चार दिवस धुसफुसत होता. पुढच्या वर्षीपासून आम्ही तो नियम काढून टाकला. व्याख्या पहिल्या वक्त्याने करायची आणि ज्याला पटत नसेल त्याने उभं राहून तसं म्हणायचं, असं आता चालतं. गोंधळ होतो, पण कोणाला डुलकी लागत नाही.

त्या दिवशी सगळं आवरल्यावर ती माझ्याजवळ आली. तिला दिंडोरीला जायचं होतं. आईबाबा तिथल्या एका बागेवर होते, रविवार त्यांच्यासोबत काढून ती सोमवारी तासाला परत येणार होती. सोमवारी तासाला, हे तिने स्वतःहून सांगितलं. घरी जायचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. मी म्हटलं, चल, सीबीएसच्या बसस्टँडपर्यंत सोडते. आम्ही रिक्षात बसलो.

रिक्षा हलल्याबरोबर तिने विचारलं, "मॅडम, तुमची व्याख्या मोडली, तुम्ही रागावल्या का?" मी म्हटलं, रागावले होते, पण जेवणाच्या आधी, आणि तुझ्यावर नाही. मग ती सुरू झाली. त्या मुलाने तिसरा प्रश्न विचारला असता तर ती काय म्हणणार होती. पहिला प्रश्न त्याने कसा चुकीच्या टोकाने धरला. अमक्या वक्त्याची भाकरी खरी वाटत नव्हती, त्याने आयुष्यात चूल फुंकलेली नाय. माझ्या व्याख्येत कायमचे हा शब्द नसता तरी ती व्याख्या फसलीच असती, ते कसं. लोकगीतांच्या तासाला मी मधे जे सांगितलं होतं ते किती चुकीचं होतं, आणि ती तेव्हाच सांगणार होती. वर्षभराचं साठलेलं सगळं बाहेर येत होतं. मला मधे हूं म्हणायलाही फट सापडत नव्हती. सिग्नलला रिक्षा थांबली, तिचं बोलणं थांबलं नाही. सीबीएस आलं, मी पैसे दिले, ती उतरली, आणि पिशवी खांद्याला लावून रिक्षाच्या दारातच उभं राहून पुढचा मुद्दा मांडायला लागली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"अगं बाई, आता जरा गप्प बस," मी म्हटलं, "तुझी गाडी जाईल."